आधी भिंत, मग खुंटी

२०१९च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या गॅरेजमध्ये कमरेच्या वर पाणी होतं. ते ओसरल्यावर शटर उचललं, तर जमिनीवरचं सगळं एकाच चिखलात कालवलेलं: गाद्यांची ट्रंक, गणपतीचं मखर, मुलांची जुनी पुस्तकं, घरगुती गिरणी. कोरडं राहिलं ते फक्त वर टांगलेलं. ताडपत्री, आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा आणि छताजवळच्या हुकाला अडकवलेली धाकट्याची सायकल. आईनं तिथंच सांगून टाकलं, "आता खाली काही ठेवायचं नाही."

महिन्याभरात आम्ही दीड फूट खोलीचा लोखंडी रॅक आणून उजव्या भिंतीला ठोकला. दिवाळीच्या आठवडाभर आधी एका रात्री तो खाली आला. सकाळी मी गुडघ्यावर बसून बघत होतो. ब्रॅकेट सरळच्या सरळ होते. स्क्रू तुटले नव्हते. वरचे चारही स्क्रू आपापल्या प्लॅस्टिकच्या गिट्टीसकट अखंड बाहेर आले होते आणि फरशीवर पांढरट पीठ सांडलं होतं. रॅक मोडला नव्हता, भिंतीनं त्याला सोडून दिलं होतं. ती भिंत नंतर वाढवलेल्या भागातली, एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची. डावीकडची भिंत जुनी, भाजक्या विटेची. तिच्यात तशाच गिट्ट्या आणि तसेच स्क्रू आजही घट्ट बसले आहेत. तेव्हापासून "गॅरेजला कुठला रॅक घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, "भिंत कशाची आहे?"

हे कळायला इंजिनिअर लागत नाही. ड्रिल मारताना जी भुकटी पडते, ती बघायची. पहिल्या पाऊण इंचातली करडी भुकटी गिलाव्याची असते, तिच्यावर जाऊ नका. तिच्यानंतर लाल-केशरी भुकटी आली तर वीट. भुकटी पांढरट, मैद्यासारखी आणि ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं, तर एएसी ब्लॉक. करडी, बारीक आणि ड्रिल कुरकुरत जेमतेम पुढं सरकतंय, तर तुम्ही काँक्रीटच्या कॉलममध्ये किंवा बीममध्ये आहात. वजन टांगायला याहून चांगली जागा घरात नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे चिरे. त्यांची भुकटी तांबूस-तपकिरी आणि भोक कधीच गोल पडत नाही, कारण दगडातच पोकळ्या असतात.

गिट्टी भिंतीला धरते कशी, हे एकदा समजलं की पुढचं सोपं आहे. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देते. त्या दाबातून जे घर्षण तयार होतं, त्यावर सगळा भार. म्हणजे भिंतीनं तो दाब सोसायला हवा. पूर्वी भोकात लाकडाची गुल्ली ठोकत. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्जनं १९११च्या सुमारास तागाच्या तंतूंची गुल्ली काढली. तिच्यावरूनच आपल्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन अजून 'रावल प्लग' म्हणतात. नायलॉनची फुगणारी गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशरची, १९५८ची. विटेत आणि काँक्रीटमध्ये ती उत्तम चालते. एएसी ब्लॉकचं वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश, कारण त्याच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे असतात. गिट्टी फुगली की ते बुडबुडे चिरडतात, पुरेसं घर्षण तयारच होत नाही. आमच्या फरशीवरचं पीठ ते हेच.

मग अशा भिंतीवर काहीच टांगायचं नाही का? टांगायचं, पण रीत वेगळी. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडायचं, नाहीतर भोक आतून विनाकारण मोठं होतं. रुंद आट्यांची, ब्लॉकसाठीच बनवलेली लांब गिट्टी वापरायची. जड सामान असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात दोन घटकांचं रेझिन भरून त्यात आट्यांचा रॉड बसवायचा. इथं भोकातली धूळ पंपानं आणि ब्रशनं साफ केली नाही, तर रेझिन भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतं. कारागीर नेमकी हीच पायरी गाळतात, म्हणून समोर उभं राहून ती करून घ्या. भिंतीची दुसरी बाजू आपलीच असेल तर सगळ्यात भरवशाचा उपाय आरपार बोल्ट आणि पलीकडून रुंद लोखंडी पट्टी. जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या तुळईत अशाच आरपार घालून वरून अडकवलेल्या दिसतात. चार पिढ्या त्यावर झोके घेतात आणि कडी हलत नाही.

आता रॅकच्या खोलीकडे या. दुकानात माणूस लांबी-रुंदी बघतो, वजन विचारतो, पण खोली आणि ब्रॅकेटची उंची यांचं नातं बघत नाही. एक हिशेब करू. फळी ३० सेंटीमीटर खोल, ब्रॅकेट भिंतीवर २० सेंटीमीटर उभा, फळीवर ४० किलो सारखं पसरलेलं. भार भिंतीपासून सरासरी १५ सेंटीमीटरवर. पंधरा गुणिले चाळीस, भागिले वीस: वरचे स्क्रू भिंतीतून ओढून काढणारा जोर ३० किलोचा. दोन ब्रॅकेट असतील तर प्रत्येकी १५. आता तेच ४० किलो फळीच्या पुढच्या कडेला ठेवा, जोर दुप्पट. फळी ४५ सेंटीमीटरची घ्या आणि वजन कडेला ठेवा, की ओढ ९० किलोची. वजन तेच, ब्रॅकेट तोच, ओढ तिप्पट. आमच्या रॅकमध्ये पुढच्या बाजूला २० लिटरचे रंगाचे दोन डबे होते. भरलेला डबा २५ किलोच्या पुढेच जातो. म्हणून फळी जितकी उथळ आणि ब्रॅकेट जितका उंच, तितकं बरं. जड वस्तू भिंतीला टेकवून ठेवायची, हलकी पुढं.

बहुतेक घरांत तशीही खोल फळी बाजूच्या भिंतीला बसत नाही. गॅरेज अडीच मीटर रुंद असेल आणि गाडी आरसे सोडून १.७ मीटर, तर दोन्ही बाजूंना मिळून ८० सेंटीमीटर उरतात. ड्रायव्हरचं दार उघडून माणसाला बाहेर पडायला त्यातले साठ-सत्तर लागतात. तेव्हा गाडी डाव्या भिंतीला थोडी सरकवून लावायची सवय करा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीवर फक्त सपाट वस्तू टांगा: शिडी, खराटा, फावडं, बागेचा पाइप. खोल फळीची खरी जागा समोरच्या भिंतीवर, बॉनेटच्या वर. बॉनेट साधारण मीटरभर उंचीचं असतं. जमिनीपासून सव्वा-दीड मीटरच्या वर फळी दीड फूट पुढं आली तरी कशाला लागत नाही. ही जागा बहुतेक घरांत रिकामीच असते. मात्र मोजमाप घेताना गाडी आत लावून, चारही दारं आणि डिकी पूर्ण उघडून भिंतीवर खडूनं खुणा करा. एसयूव्हीची डिकी उघडली की किती वर जाते, हे नुसत्या अंदाजावर सोडू नका.

छताचं प्रकरण भिंतीपेक्षा गंभीर. भिंतीवर भार थोडा खाली आणि थोडा बाहेर ओढतो. छतावर तो सगळाच्या सगळा सरळ खाली ओढतो आणि सुटला तर गाडीवर किंवा माणसावर येतो. स्लॅब बहुधा चार-पाच इंचांचा. खालच्या गजांवर काँक्रीटचं आवरण जेमतेम दोन सेंटीमीटरचं. शिवाय स्लॅब वाकतो तेव्हा ताण खालच्याच बाजूला येतो, बारीक चिरा तिथंच पडतात. म्हणून छताला साधी गिट्टी कधीच नाही. चिरा पडलेल्या काँक्रीटसाठी प्रमाणित केलेला फास्टनर घ्यायचा आणि पाकिटावरचा आकडा सुरक्षित भाराचा आहे की तुटण्याच्या भाराचा, हे दुकानदाराला विचारायचं. ड्रिलला गज लागला तर हट्टानं पुढं जायचं नाही, दोन-तीन इंच बाजूला सरकायचं. आणि वायरिंगची नळी आपल्याकडे स्लॅब ओतायच्या आधीच आत टाकलेली असते. दिव्याच्या बॉक्सपासून स्विचच्या दिशेनं जाणारी सरळ रेघ सोडून द्या आणि काम चालू असताना मेन स्विच बंद करून ड्रिलला दुसरीकडून वीज आणा.

भोक पाडण्याआधी लहान हातोडीनं छत ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, तपकिरी डाग दिसले, पावसात ओल येत असेल, तर आत गज गंजतोय. अशा छताला काहीही टांगू नका, आधी गळती बंद करा. शक्य असेल तिथं स्लॅबऐवजी बीमच्या उभ्या बाजूला, उंचीच्या मध्याच्या आसपास, ब्रॅकेट बसवा. त्यात फास्टनर ओढला न जाता आडवा दाबला जातो आणि तो जोर त्याला जास्त पेलतो. पत्र्याची शेड असेल तर पत्र्याला किंवा मधल्या पट्टीला नाही, ट्रसच्या सांध्यालाच लटकवा.

छताला टांगलेल्या मंचाला चार रॉड असतात. शंभर किलो सामान आणि पंचवीस किलोचा मंच म्हणजे प्रत्येक रॉडवर एकतीस किलो, असा हिशेब कागदावरच. सामान एका कोपऱ्यात सरकलं की एकाच रॉडवर साठ-सत्तर येतात. रॉड आणि फास्टनर त्या हिशेबानं निवडा.

पुलीचा प्रकार आपल्याला नवा नाही. गॅलरीत कपडे वाळवायच्या काठ्या वर-खाली करतो, तेच तंत्र सायकलीला किंवा ताडपत्रीच्या गुंडाळीला चालतं. मात्र दोरी नायलॉनची जाड हवी, भिंतीवर ती गुंडाळायला कान हवा आणि टांगलेल्या वस्तूच्या खाली उभं राहून कुणी ओढायचं नाही.

बाकी प्रकारांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छिद्रांचा पत्रा हत्यारांसाठी उत्तम. पाना, पकड, करवत यांची बाह्यरेषा मागे रंगवून ठेवली की काय परत आलं नाही ते लांबून दिसतं. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हे सांगावं लागत नाही. उभे चॅनेल आणि काढता-घालता येणारे ब्रॅकेट मला सगळ्यात आवडतात, कारण घरातलं सामान दर दोन वर्षांनी बदलतं. आणि जड ते सगळं, म्हणजे धान्याची कोठी, बॅटरी, रंगाचे डबे, यांना टांगायचंच नाही. जमिनीवर उभा स्लॉटेड अँगलचा रॅक करायचा आणि तो उलटू नये एवढ्यापुरता भिंतीला बांधायचा. पुराची भीती असेल तिथं त्याचा खालचा कप्पा रिकामा सोडा. पेट्रोलचा कॅन, थिनर, कीटकनाशक, गॅसची टाकी वर न्यायची नाहीत. छताजवळ उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतं.

पाऊस आणि खारी हवा विसरू नका. रत्नागिरी-मालवणकडे पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाचं भोक पाडलेलं तोंड पहिल्या दोन पावसाळ्यांतच गंजू लागतं, तिथं स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. प्लायची फळी भिंतीला चिकटवू नका, इंचभर फट सोडा. ओल आणि वाळवी भिंतीतूनच येतात.

नवं घर बांधत असाल तर तुमच्याइतकं नशीबवान कुणी नाही. वाड्यांत खुंट्या भिंत रचतानाच बसवत, नंतर ठोकत नसत. झोपाळ्याचे आणि पंख्याचे हूक आजही स्लॅब ओतण्याआधी गजांना अडकवतात. गॅरेजच्या स्लॅबमध्ये तसेच सहा-आठ हूक सोडायला सांगा. मात्र त्यांवर किती वजन येणार ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कानावर घालून.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर तिथला बीम किंवा स्लॅब आपल्या एकट्याचा नाही. ड्रिल हातात घेण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्या.

रॅक पडल्यानंतर आम्ही उजव्या भिंतीला आरपार बोल्ट घातले. मग सामान लगेच चढवलं नाही. पाण्याचे २० लिटरचे तीन जार भरून फळीच्या पुढच्या कडेला ओळीनं ठेवले. साठ किलो, रोज येणार त्याच्या दुपटीच्या आसपास. प्रत्येक ब्रॅकेटच्या प्लेटभोवती भिंतीवर पेन्सिलनं बारीक रेघ मारली, गाडी रात्रभर बाहेर उभी केली आणि शटर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन आई माझ्याआधी आत गेली होती. एकेक रेघ बोटानं चाचपून तिनं मखराचा नवा खोका पुढं केला.