घाईच्या लग्नाचे कागद : दोन महायुद्धांमधील इंग्लंडांतील आरमारी विवाह

इंग्लंडांतील एखाद्या घराण्याचीं पत्रें चाळतांना, १९१९ ते १९३९ या काळांत त्या घरच्या मुलीचें लग्न आरमारी अधिकाऱ्याशीं आठ-दहा दिवसांत उरकलें असें दिसलें कीं वाचणारा लगेच बोटें मोजूं लागतो. पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्याची तारीख काढून तो एका मृत स्त्रीच्या शीलाविषयीं निकाल देऊन मोकळा होतो. लग्न कोणत्या परवानगीनें लागलें आणि जहाज केव्हां सुटलें, हे दोन प्रश्न सुटल्यावांचून असा निकाल देणें आम्हांस मान्य नाहीं.

इंग्लिश चर्चमधील विवाहास तीन वाटा होत्या. पहिली ‘बॅन्स’ची, म्हणजे तीन रविवारीं भर चर्चमध्यें पुकार करण्याची. दुसरी बिशपच्या साध्या परवान्याची. तिला पुकार नको, परंतु वधूवरांपैकीं एकाचें त्या पॅरिशमध्यें पंधरा दिवसांचें वास्तव्य लागे. तिसरी कँटरबरीच्या आर्चबिशपच्या खास परवान्याची. १५३३ च्या कायद्यानें मिळालेल्या या अधिकारान्वयें लग्न कोणत्याहि स्थळीं व कोणत्याहि वेळीं लागूं शके. एरवीं १९३४ पर्यंत दुपारीं तीननंतर आणि पुढें सायंकाळीं सहानंतर लग्न लावतां येत नसे. यांपैकीं कोणती वाट धरली होती तें विवाहनोंदीच्या तळच्या ओळींत लिहिलेलें असतें, आणि संग्राहक नेमकी तीच ओळ वाचीत नाहींत! परवाना स्वतः क्वचितच हातीं लागतो. मागें राहतो तो शपथेवर केलेला अर्ज. विवाहांत कसलीहि हरकत नाहीं असें त्यांत एका पक्षानें सांगितलेलें असतें. अर्जाची तारीख व लग्नाची तारीख यांतील अंतर हें घाईचें खरें माप होय. ‘राहण्याचें ठिकाण’ या रकान्यावर मात्र फारसा भरंवसा ठेवूं नये. तेथें कित्येकदां पंधरवड्यापुरती घेतलेली खोली असते.

आरमारी वराच्या बाबतींत आणखी एक फसगत संभवते. पुकारानें लग्न झालें म्हणावें, तर वराच्या पॅरिशच्या वहींत पुकाराचा मागमूस नसतो. याचें कारण १९०८ चा आरमारी विवाहांचा कायदा. त्यानें वराचा पुकार जहाजावरच, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळीं, करण्याची मुभा दिली होती. मग तेथील पाद्री किंवा कप्तान दाखला देई. वहींत नोंद नाहीं म्हणून विवाह संशयित ठरवूं नये.

आतां जहाज. आमच्याकडे मुहूर्त पंचांगांत पाहतात. या मंडळींचा मुहूर्त आरमारखात्याच्या हुकुमांत असे. माल्ट्यास किंवा पूर्वेकडे नेमणूक झाली कीं दोन-अडीच वर्षांचा वियोग ठरलेला. सप्टेंबर १९३८ मध्यें म्यूनिकच्या पेंचामुळें सारें आरमार सज्ज करण्याचा हुकूम सुटला, तेव्हां तर सवडीचा प्रश्नच नव्हता. उलट बाजूनें, १९३८ पर्यंत आरमारी अधिकाऱ्यास विवाहभत्ता मिळत नसे. त्यामुळें वाङ्निश्चय होऊनहि लग्न पैशासाठीं लांबे आणि बदलीचा हुकूम येतांच एकदम उरके. म्हणून क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांतील जहाजांच्या रोजनिश्या (एडीएम ५३) व अधिकाऱ्यांचे सेवालेख (एडीएम १९६) लग्नाच्या तारखेशेजारीं मांडून पाहावे. लग्नानंतर चार-सहा दिवसांत जहाजानें नांगर उचललेला आढळला, तर घाईस दुसरें कारण शोधण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

आरमारी विवाह म्हणजे घाईचाच, असेंहि नव्हे. लेफ्टनंट लुई माउंटबॅटन व एडविना ॲशली यांचा वाङ्निश्चय १४ फेब्रुवारी १९२२ रोजीं दिल्लीस झाला, आणि लग्न लंडनमध्यें १८ जुलै रोजीं, म्हणजे पांच महिन्यांनीं, यथासांग लागलें.

मुंबई बंदरीं लागलेल्या लग्नाचा कागद हातीं आल्यास ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत एन/३ हा विभाग पाहावा. मुंबई इलाख्यांतील चर्चच्या नोंदींच्या नकला तेथें आहेत. वराच्या खात्याचें नांवहि तपासावें. रॉयल इंडियन मरीनचें रूपांतर रॉयल इंडियन नेव्हींत २ ऑक्टोबर १९३४ रोजीं झालें. त्यापूर्वीच्या तारखेच्या कागदावर नवें नांव दिसलें, तर तो कागद मागाहून तयार केलेला समजावा.