'साभार परत'च्या पलीकडचा संपादक

आज 21 ऑगस्ट. 2007 साली याच दिवशी श्री. पु. भागवत निवर्तले. मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचे असावयाचे आणि आतील मजकुरामागे श्रम मात्र यांचे, अशा रीतीने ते आयुष्यभर संपादकाचे काम करीत राहिले. राजकारणाच्या गदारोळासाठी राखलेल्या या पानावर आज आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत. त्यांचे ऋण केवळ साहित्यिकांवर नाही. दुसऱ्याच्या लेखनावर निर्णय देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती येतो, त्या आम्हां सर्वांवरच ते आहे.

श्रीपाद पुरुषोत्तम भागवतांचा जन्म 27 डिसेंबर 1923 चा. गिरगावातील खटाववाडीत 'मौज'चा छापखाना होता. तेथे बंधू विष्णुपंत मुद्रणाची बाजू सांभाळीत आणि श्री. पु. हस्तलिखितांची. 'सत्यकथा' मासिक 1933 साली निघाले होते. पण त्याला जी प्रतिष्ठा लाभली, ती भागवतांच्या संपादनाने. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा प्रामुख्याने याच अंगणात वाढली. 'पाडस'कार राम पटवर्धनांसारखा तितकाच चोखंदळ सहकारी त्यांना मिळाला. 1982 साली मासिक बंद झाले, तरी हस्तलिखितांवरील त्यांचे काम थांबले नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' व 'पैस' किंवा सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' ही मौजेची पुस्तके मराठी घरांतून आजही आदराने वाचली जातात.

परंतु ग्रंथांची यादी सांगून या माणसाचे मोठेपण कळावयाचे नाही. ते होते त्यांच्या पत्रांत. नवख्या लेखकाच्या कथेला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळे : 'साभार परत'. या दोन शब्दांत आभारही नसतात आणि उत्तरही नसते. श्री. पुं.कडून कथा परत आली तरी तिच्याबरोबर पत्र येई, आणि कित्येकदा ते चांगले दीर्घ असे. कथा कोठे जमली, कोठे सैल पडली, लेखकाला काय म्हणावयाचे होते आणि कागदावर काय उतरले, याचा त्यात विचार असे. स्वतः लेखणी चालवून वाक्ये सुधारून टाकणे त्यांना अवघड नव्हते. पण सुधारणा लेखकाने आपल्या बुद्धीने करावी, यावर त्यांचा कटाक्ष होता. परत आलेले हस्तलिखित घेऊन लेखक पुन्हा बसे, आणि त्या बसण्यातूनच तो घडे.

येथे आम्हांला आमची एक चूक सांगितली पाहिजे. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही गिरणगावातील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. 'माझे घर' या निबंधात आठवीच्या एका मुलाने गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या आपल्या बापाविषयी चार-पाच ओळी लिहिल्या होत्या. आम्ही त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका तांबड्या शाईने अधोरेखित केल्या, 'शुद्धलेखन सुधारावे' असा शेरा मारला आणि वही परत केली. मुलाने शुद्धलेखन सुधारले. पुढील त्याचे निबंध निर्दोष असत. बापाविषयी मात्र त्यात पुन्हा एक ओळ आली नाही. आमचे लक्ष चुकांकडे होते, मुलाकडे नव्हते. श्री. पुं.च्या पत्रव्यवहाराविषयी पुढे जेव्हा वाचले, तेव्हा ती वही आम्हांला प्रथम आठवली.

श्री. पुं.वर टीका झाली नाही असे नाही. 1969 साली लघु नियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. एका मासिकाची अभिरुची हाच साहित्याचा मानदंड होऊन बसतो, आणि त्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्यांचे जीवन साहित्याबाहेरच राहते, ही त्यांची तक्रार होती. ती सर्वस्वी खोटी होती असे म्हणवत नाही. अभिरुची कितीही संस्कारित असली तरी तिला मर्यादा असतातच. पण उंबरठ्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून वाचणाराच नाहीसा व्हावा, हे कोणालाही अभिप्रेत नव्हते. आज कोणालाही आपले लेखन क्षणात प्रसिद्ध करता येते. ही मुभा आम्ही मोलाची मानतो. मात्र लिहिणारा आणि छापील शब्द यांच्यामध्ये बसून, आस्थेने व निःस्पृहपणे 'हे पुन्हा पाहा' असे सांगणारा माणूस दुर्मिळ झाला आहे. स्तुती विपुल मिळते, उपहासही मिळतो. पत्र मिळत नाही.

महाराष्ट्र शासन उत्कृष्ट प्रकाशनसंस्थेला श्री. पुं.च्या नावाचा पुरस्कार देते, हे उचितच आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक पुरस्कारापेक्षा स्वस्त आणि अधिक कष्टाचे आहे. आमच्या कचेरीतूनही 'साभार परत'ची ठराविक चिठ्ठी जाते; पूर्वी ती छापील होती, आता संगणकावरून जाते इतकेच. आजपासून तिच्याखाली, लेखन वाचले आहे हे ज्यावरून कळेल अशी निदान दोन वाक्ये लिहावीत, असे आम्ही ठरविले आहे. दैनिकाच्या धावपळीत हे किती दिवस निभेल, याची शंका आमच्या सहकाऱ्यांनी बोलून दाखविली आहे. ती आम्हांलाही आहे. म्हणूनच हा निश्चय आम्ही वाचकांच्या साक्षीने येथे नोंदवीत आहोत.