चर्चा उमेदवारांची, गवगवा पोजचा

'साउथ पार्क' ही ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांची प्रौढांसाठीची अमेरिकी व्यंगचित्रमालिका १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'कॉमेडी सेंट्रल' वाहिनीवर सुरू झाली. तिच्या सोळाव्या हंगामातला 'फेथ हिलिंग' हा भाग २८ मार्च २०१२ रोजी प्रसारित झाला. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षात तेव्हा रॉम्नी, सँटोरम आणि गिंग्रिच यांच्यात चुरस होती.

संदर्भ : २०११ मध्ये भलत्याच जागी ताठ, पालथे पडून फोटो काढण्याचे 'प्लँकिंग' जगभर पसरले. त्याच वर्षी फुटबॉलपटू टिम टिबो याची एक गुडघा टेकून प्रार्थना करण्याची ढब 'टिबोइंग' या नावाने गाजली. तो तेव्हा खेळत असलेला 'डेन्व्हर ब्राँकोज' संघ आणि मालिकेतले 'साउथ पार्क' गाव, दोन्ही कोलोरॅडो राज्यातले.

कथा : शाळकरी कार्टमन उमेदवारांच्या जाहीर वादचर्चेत मंचावर घुसतो आणि शर्ट छातीपाशी पुढे ओढून 'फेथ हिलिंग'ची पोज देतो. मित्र त्याचा फोटो टिपतात. पुढे मुलांना 'मीमच्या धोक्यां'विषयी शाळेत धडे दिले जातात, तर मांजरीही पोज देऊ लागल्याने त्या आता माणसांची बरोबरी करणार, अशी भीती पसरते.

रोख : पोजचे असे फॅड दर आठवड्याला जुने होते, तरीही मोठी माणसे त्याला राष्ट्रीय संकट मानतात आणि निवडणूक मागे पडते.

वेग : मालिकेचा एक भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो. त्यामुळे ताज्या घडामोडींवर लगेच टिप्पणी करता येते.