अफोंसो द अल्बुकर्क : आरमारी सेनानी ते गव्हर्नर

मध्ययुगीन दख्खनचा इतिहास शिकविताना आपला भर प्रामुख्याने किल्ले व घोडदळ यांवर असतो. समुद्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याच्या कारकिर्दीच्या आधारे या दोहोंमधील संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अल्बुकर्क १५०३ मध्ये प्रथम भारतात आला. १५०७ मध्ये आरमाराचा कप्तान म्हणून त्याने होर्मुझवर हल्ला केला. व्हाइसरॉय आल्मैदा याने अधिकारसूत्रे देण्याचे नाकारून त्याला कैदेत ठेवले. अखेर नोव्हेंबर १५०९ मध्ये तो गव्हर्नर झाला. केवळ जहाजांच्या बळावर सागरी वर्चस्व टिकत नाही, त्यास हक्काचे बंदर हवे, अशी त्याची धारणा होती. म्हणून १५१० मध्ये त्याने आदिलशाहीकडून गोवा घेतले, गमावले व २५ नोव्हेंबर रोजी पुन्हा जिंकले. गोवा हे अरबी घोड्यांच्या आयातीचे प्रमुख बंदर होते. परिणामी विजापूर व विजयनगर या दोन्ही सत्तांच्या घोडदळाची नाडी पोर्तुगीजांच्या हाती आली.

त्याचे मूल्यमापन मात्र एकांगी होऊ नये. त्याने टांकसाळ सुरू केली, सतीस बंदी घातली. परंतु शहरातील मुस्लिम रहिवाशांची कत्तलही त्याच्याच आज्ञेने झाली. डिसेंबर १५१५ मध्ये, पदावर दुसऱ्याची नेमणूक झाल्याचे कळल्यानंतर, तो गोव्याच्या बंदरात मरण पावला. पोर्तुगीज सत्ता मात्र १९६१ पर्यंत टिकली.

सारांश, किनारा ज्याच्या ताब्यात, त्याचा प्रभाव पठारावरही पडतो. सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, त्यामागील निकड या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.