घरचा संगणक मंदावतो तेव्हा

आपल्यांपैकी पुष्कळांच्या घरी संगणक आहे, आणि दिवसाचा बहुतेक वेळ तो रिकामाच बसलेला असतो. हा रिकामा वेळ शास्त्रीय संशोधनाला देता येतो, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. लग्नघरचे शंभर नारळ आळीतल्या दहा घरी खवायला द्यावेत, तसे एखाद्या प्रचंड गणिताचे तुकडे पाडून ते जगभरच्या घरोघरी धाडावयाचे व उत्तरे गोळा करावयाची, अशी ही योजना. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात तयार झालेला 'बॉइंक' हा प्रोग्रॅम ही देवघेव सांभाळतो.

२००५ साली सुरू झालेले 'आइन्स्टाइन ॲट होम' हे याच रीतीचे काम. अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळांच्या नोंदींतून ते गुरुत्वीय लहरी शोधते. तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. हेच काम रेडिओ दुर्बिणींच्या नोंदीही तपासते. २०१० साली त्यातून एक नवा स्पंदक तारा सापडला, तो अमेरिकेतील एक जोडपे व जर्मनीतील एक गृहस्थ यांच्या घरच्या संगणकांवर!

आता अडचणीकडे वळू. तुकड्याला मुदत असते. ती टळली की तोच तुकडा दुसऱ्याकडे जातो, आणि आपण जाळलेली वीज बहुधा फुकट जाते. संगणक साठ वॉट जादा घेत असेल, तर रात्रंदिवस चालवून महिन्याला सुमारे ४३ युनिटे होतात. पोफळीचे वीजघर आपल्या उशाशी असले, म्हणून बिल काही कमी येत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या संगणकाला सहा तासांच्या तुकड्यास नऊ तास लागू लागले. आम्ही आधी प्रोग्रॅमला दोष दिला. तो चुकीचा होता. पहिल्याने पाहावयाचे ते दोन आकडे. बॉइंकमध्ये तुकडा निवडून 'प्रॉपर्टीज' उघडले, की एकूण गेलेला वेळ व प्रोसेसरने प्रत्यक्ष राबलेला वेळ असे दोन्ही दिसतात.

दोहोंत मोठी तफावत असेल, तर प्रोसेसर त्या तुकड्याच्या वाट्याला पुरेसा येत नाही असे समजावे. व्हायरस-तपासणी चालू असेल, मेमरी अपुरी पडून डिस्कवर धावाधाव होत असेल, किंवा प्रोसेसरचा ठरावीक टक्के वेळच वापरावा अशी मर्यादा आपणच घालून ठेवली असेल. (ग्राफिक्स कार्डावरील कामाला मात्र हा नियम लावू नये, तेथे प्रोसेसर थोडाच राबतो.)

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण दोन्ही पूर्वीपेक्षा मोठे, असे दिसले तर प्रोसेसर स्वतःच सावकाश चालतो आहे. आमचे तसेच होते. पुष्कळ प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले, की जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करतात. चिपळूणचा मे महिना, दमट हवा आणि पंख्यात साचलेली धूळ. मग दुसरे काय होणार? दुसरे कारण गर्दीचे. विहिरीवर आठ जणी उभ्या, पण रहाट एकच, अशी स्थिती असली तर पाणी लवकर भरत नाही. आठ तुकडे एकदम चालवले, की मेमरीकडे जाणारी वाट एकच असल्याने प्रत्येक तुकडा रेंगाळतो.

आम्ही संगणक बंद करून पंख्यातील धूळ काढली व दोन तुकडे चालवून पाहिले. नऊचे सात तास झाले. मग आठऐवजी चारच तुकडे एकदम चालू ठेवले, तेव्हा वेळ पूर्ववत सहावर आला. एका वेळी एकच बदल केला, म्हणूनच कशाने किती फरक पडला ते कळले. तुलनाही एकाच जातीच्या तुकड्यांची करावी. सगळे सारख्या आकाराचे नसतात.

जुना संगणक सावकाश चालला तरी त्यात कमीपणा नाही. मुदतीत पुरे होईल तेवढेच काम अंगावर घ्यावे, आणि ते पुरे करून परत पाठवावे.