तीन कळा आणि एक मथळा

समजा, तुम्हाला नाग नदीवर शाळेचा प्रकल्प लिहायचा आहे. जिच्यावरून नागपूरला नाव मिळाले ती ही नदी. शहराच्या पश्चिमेकडील लाव्हा टेकड्यांत ती उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे शहरात शिरते, पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हानबरोबर तिचे पाणी वैनगंगेत जाते. तुम्ही संगणकावर वीस पाने लिहिलीत. 'उगम', 'प्रवाह', 'प्रदूषण' हे मथळे मोठ्या, ठळक अक्षरांत केलेत. पाने देखणी दिसू लागली.

आता बाई म्हणाल्या, "अनुक्रमणिका जोडा." तुम्ही एकेक पान उलटून आकडे लिहून काढता. तेवढ्यात पहिल्या प्रकरणात एक नकाशा घालावा लागतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात! संगणकासारखे यंत्र समोर असताना हे काम आपण का करायचे?

कारण मथळा कोणता, हे आपण संगणकाला सांगितलेलेच नाही. मोठे, ठळक अक्षर म्हणजे मथळा, हे आपल्या डोळ्यांना कळते. संगणकाच्या लेखी ते केवळ मोठे, ठळक अक्षर असते.

त्याला सांगायचे कसे? 'वर्ड' या प्रणालीत मथळ्याच्या ओळीत कोठेही कर्सर ठेवा. कंट्रोल आणि ऑल्ट या दोन कळा दाबून धरा आणि १ ची कळ दाबा. झाले! ही ओळ आता पहिल्या पातळीचा मथळा, म्हणजे 'हेडिंग १' झाली. 'प्रदूषण' या मथळ्याखाली 'सांडपाणी', 'घनकचरा' असे पोटमथळे असतील, तर त्यांच्यासाठी १ ऐवजी २ दाबा. चुकून मथळा झालेली ओळ पुन्हा साधी करायची असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन. 'लिब्रेऑफिस रायटर'मध्ये कंट्रोल आणि १ एवढेच पुरते. साध्या मजकुरासाठी कंट्रोल आणि ० (शून्य).

या कळांमागची युक्ती सोपी आहे. कंट्रोल आणि ऑल्ट या कळा एकट्या काहीच उमटवत नाहीत. त्या दाबलेल्या आहेत, एवढीच नोंद संगणक ठेवतो. मग १ ची कळ दाबली की तो आकडा न उमटता प्रणालीला एक आज्ञा मिळते. प्रणाली त्या संपूर्ण परिच्छेदाला 'हेडिंग १' असे नाव चिकटवते. परिच्छेद म्हणजे एका एंटरपासून पुढच्या एंटरपर्यंतचा मजकूर. म्हणून मथळ्यानंतर एंटर द्यायला विसरलात, तर खालचा सगळा मजकूरही मथळा होऊन बसेल!

मराठी टंकनाच्या काही मांडण्यांत हीच कळजोडी एखादे अक्षर उमटवण्यासाठी राखलेली असते. तसे झाल्यास क्षणभर इंग्रजी मांडणीवर या.

नाव चिकटले की पुढची कामे यंत्राची. 'रेफरन्सेस' या विभागातून अनुक्रमणिका मागितली, की पानांच्या आकड्यांसह ती तयार होते. नंतर पाने हलली, तर अनुक्रमणिकेत कर्सर ठेवून एफ ९ दाबा. आकडे दुरुस्त होतात. सगळे मथळे निळे हवेत? 'हेडिंग १' ही शैली एकदाच बदला, वीसही पानांवरचे त्या पातळीचे मथळे बदलतील.

पण सर्वांत मोठा लाभ वेगळाच आहे. तुमच्या वर्गातील एखाद्या मित्राला दिसत नसेल, तर तो 'एनव्हीडीए'सारखी पडदा वाचून दाखवणारी प्रणाली वापरतो. ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्या वाचनपद्धतीत इंग्रजी एच ही कळ दाबली, की ती एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी घेते. तुमचे मथळे खरे असतील, तर तो काही क्षणांत 'प्रदूषण' या प्रकरणावर पोहोचेल. ते नुसतेच ठळक असतील, तर त्याला ते प्रकरण सापडेपर्यंत मजकूर ऐकत बसावे लागेल. तुमचा प्रकल्प त्याच्यासाठी दारे नसलेले घर ठरेल.

करून पाहा : जुन्या प्रकल्पाची एक प्रत घ्या आणि प्रत्येक मथळ्याला या कळांनी नाव द्या. मग 'व्ह्यू' विभागातून 'नॅव्हिगेशन पेन' उघडा. डाव्या बाजूस तुमच्या प्रकल्पाचा सांगाडा दिसेल. एखादे प्रकरण चुकीच्या जागी आहे का, हेही तेथे चटकन लक्षात येईल.