सोमवारी सकाळीच पोट का दुखते?

रविवारी संध्याकाळपर्यंत मूल गल्लीत खेळत असते. रात्री गप्प होते. सोमवारी गणवेश अंगात घातला की पोटात कळ येते, उलटी होते, हातपाय गार पडतात. शाळेची वेळ टळली की दुपारी पुन्हा बरे! कोपरखैरण्यातल्या एका खोलीच्या संसारात वडील ड्युटीवर निघालेले, आईलाही कामाची घाई. मग "नाटक करतो" म्हणून धपाटा बसतो, नाहीतर "राहू दे आज घरी" म्हणून सुट्टी मिळते. दोन्हींनी दुखणे वाढतेच.

एखाद्या दिवशी मुले नाटक करतात, हे खरे. पण आठवड्यामागून आठवडे असे चालले, शाळा बुडू लागली, झोप उडाली, तर तो आजार समजावा. डॉक्टर त्याला चिंताविकार म्हणतात. कुणाला आईपासून दूर जाण्याची धास्ती असते. कुणी घरात पोपटासारखे बोलते आणि वर्गात तोंड उघडत नाही. मुलगी असली तर लवकरच "शाळा सोडू दे, घरकाम शिकेल" असा सल्ला मिळतो. ज्या समाजाने शिक्षणावर सारे पणाला लावले, त्या समाजात एका भीतीपायी मुलीची शाळा सुटावी, हे परवडणारे नाही.

आधी एक चौकशी करावी. भीतीला खरे कारण आहे का? बाई मारतात का, मुले जातीवरून चिडवतात का, शिष्यवृत्तीची नावे भर वर्गात वाचून कुणी हसते का? साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे आपण जाणतो. कारण वर्गात असेल तर मुलाला औषध पाजून काय होणार? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

तसे काही नसेल तर उपचाराकडे वळावे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनसुद्धा शेजारणीच्या सांगण्यावरून पोराला उतारा करायला नेले जाते, हे लपवून काय उपयोग? भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय त्यात महिने वाया जातात आणि मूल आणखी घाबरते.

पहिला टप्पा वाशीचे महापालिका रुग्णालय. तेथे बालरोगतज्ज्ञांना दाखवून पोटाचा किंवा रक्ताचा दोष नाही ना, हे पाहून घ्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. मोठ्या रुग्णालयात जायचे तर कोपरखैरण्याहून ठाणे आणि तेथून धीम्या गाडीने सायन. सायन, के.ई.एम. आणि नायर या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. एक खाडा पडेल, रांगेत पाय दुखतील. पण खाजगीतल्या फीच्या मानाने ते सोसते. कंपनीचे ई.एस.आय. कार्ड असेल तर तेही सोबत ठेवावे.

मानसोपचार म्हटले की आपल्याकडच्या माणसाला ठाण्याचे मनोरुग्णालय आठवते आणि तो बिचकतो. भीतीच्या आजारात मुलाला दाखल करण्याची गरज बहुधा पडत नाही. दाखवून संध्याकाळी घरी. मुलांच्या मनाचा दवाखाना ही काही श्रीमंतांची नवी टूमही नव्हे. देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईतच निघाले, समाजकार्य शिकवणाऱ्या टाटांच्या संस्थेत.

योग्य माणूस ओळखायचा कसा? समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नये. उपचार काय करणार, घरी आम्ही काय करायचे, हेही विचारावे. पहिल्याच भेटीत कसलीही विचारपूस न करता नुसती झोपेची गोळी लिहून दिली, तर दुसरीकडे दाखवावे.

गुण येतो का? अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचाराने, ज्याला सी.बी.टी. म्हणतात, सुमारे ६० टक्के मुले चांगली सुधारली. केवळ औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के. औषधाला घाबरू नये, आपल्या मनाने बंदही करू नये. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ झाले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

या उपचाराचे मर्म धम्माच्या वाचकाला परके नाही. मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. बोधीपूर्वी भगवान रात्री भयाण वनात राहत. चालताना भीती आली तर ती ओसरेपर्यंत चालतच राहत, बसताना आली तर बसूनच राहत. जागा सोडून पळत नसत. मुलाकडून हेच करून घ्यायचे, पण पायरीपायरीने. पहिले काही दिवस गणवेश घालून शाळेच्या फाटकापर्यंत. धडधड कमी होईपर्यंत तेथेच उभे राहायचे. मग एक तास वर्गात, मग मधल्या सुट्टीपर्यंत. कोणती पायरी कधी, ते उपचार करणाऱ्याला विचारून ठरवावे. ओढून नेणे नको आणि अर्ध्यातून परतणेही नको. आईवडिलांचे काम एवढेच म्हणायचे, "भीती वाटते हे मला कळते. तुला जमेल." त्याच्या वतीने आपणच उत्तरे देणे हळूहळू थांबवावे. सासूबाई, आत्या, सगळ्यांनी एकच भाषा बोलावी, नाहीतर एक पुढे नेतो आणि दुसरा मागे.

मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने सरकारी सेवेत उपचाराचा हक्क दिला आहे आणि माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही घातले आहे. कुठे जावे हेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवावा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. रुग्णालयात जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत वार, वेळ, काय झाले आणि घरच्यांनी काय केले, एवढे टिपून ठेवावे. लिहिता येत नसेल तर थोरल्या मुलीकडून लिहून घ्यावे. केस पेपरसोबत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.